मांजरेवरचं वादळ सुवैकला आलं

ओमानच्या बातिना किनाऱ्यावर पहिल्या दिवशी मला सगळ्यात नवल वाटलं ते रस्त्याकडेच्या खांबांचं. चांगला गुळगुळीत डांबरी रस्ता मध्येच खोलगट व्हायचा आणि त्या खळग्यात दोन्ही बाजूंना लाल-पांढरे पट्टे मारलेले खांब उभे. भावाला विचारलं, तर म्हणाला, "ताई, ही वादी. पाणी लाल पट्ट्याला लागलं की गाडी घालायची नाही." मी खिडकीतून पाहिलं. गोटे, वाळू, बाभळीसारखं एक काटेरी झाड आणि त्याच्या सावलीत दोन शेळ्या. पाण्याचा मागमूस नव्हता. डोंगरात पाऊस झाला की हीच कोरडी नाळ नदी होते, तास-दोन तास वाहते आणि पुन्हा वर्षभर गोटे उरतात, असं त्याने सांगितलं. मी ऐकलं आणि विसरले.

तो दिवस 24 सप्टेंबर 2021 चा, शुक्रवार. कोरोनामुळे दीड वर्ष भावाची भेट नव्हती. लशीचे दोन डोस झालेल्यांना ओमानने 1 सप्टेंबरपासून दार उघडलं, तसं मी तिकीट काढलं. भाऊ सुवैकला राहतो. मस्कतहून वायव्येला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, समुद्राला लागून असलेलं गाव. एका अंगाला ओमानचं आखात, दुसऱ्या अंगाला हजर पर्वताची राखाडी भिंत, मध्ये सपाट पट्टी. त्या पट्टीत खजुराच्या बागा, लिंबाची झाडं, बसकी घरं आणि प्रत्येक घराभोवती उंच आवारभिंत. घरांची छपरं सपाट, रस्त्यांना गटारं जवळजवळ नाहीत. वर्षाकाठी सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात गटारावर कोण खर्च करेल?

मी लातूरकडची. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा पहिल्या खेपेचं 5 लाख लिटर बघायला स्टेशनवर गर्दी झाली होती, त्या गर्दीत मी होते. त्यामुळे सुवैकमध्ये मला परकं वाटलं नाही. छपरावरच्या टाक्या, टँकर, भांडी विसळलेलं पाणी झाडाला घालणं, हे सगळं घरचंच.

पहिले तीन-चार दिवस सुखाचे गेले. सकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघायचा, संध्याकाळी शेजारच्या बाबांकडे कहवा. भावाच्या दोन खोल्या त्यांच्याच आवारात आहेत. ते मालक आणि शेजारीही. बलुची घराणं. बातिनावर बलुची लोक पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांना हिंदी येतं. बाबांचं हिंदी माझ्यापेक्षा गोड. त्यांच्या अकरा शेळ्या आवाराच्या कोपऱ्यात बांधलेल्या असत आणि ते त्यांच्याशी बलुचीत बोलत.

28 तारखेला सकाळी गावाहून आप्पांचा फोन आला. मांजरा नदीवरच्या धरणाचे सगळे 18 दरवाजे उघडलेत, नदी शेतात शिरलीय, काढायला आलेलं सोयाबीन पाण्याखाली आहे. आप्पा ओरडून बोलत होते, मागे पावसाचा आवाज. "पाचच वर्षं झाली रेल्वेनं पाणी आणलेल्याला," असं म्हणाले आणि फोन तुटला. दिवसभर लागला नाही. मी आणि भाऊ खजुराच्या झाडाखाली फोन धरून बसलो होतो. वर निरभ्र आभाळ, अंगावर घाम आणि कानात गावचा पाऊस.

बंगालच्या उपसागरात 'गुलाब' नावाचं चक्रीवादळ झालं होतं. 26 तारखेच्या संध्याकाळी ते आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं. जमिनीवर आल्यावर वादळाची ताकद उतरते तशी याचीही उतरली, पण ते विरलं नाही. तेलंगणावरून मराठवाड्यावर आलं, बरसलं आणि पश्चिमेकडे सरकत राहिलं. 30 तारखेला गुजरातजवळ ते अरबी समुद्रात उतरलं. खाली कोमट पाणी मिळालं आणि ते पुन्हा उभं राहिलं. 1 ऑक्टोबरला त्याला नवं नाव मिळालं, शाहीन. म्हणजे ससाणा. पहिलं नाव पाकिस्तानने सुचवलेलं, दुसरं कतारने. नकाशावरची रेघ भावाने मोबाइलवर दाखवली. आमच्या गावावरून निघालेली ती रेघ समुद्र ओलांडून आमच्याच दिशेने येत होती. मी ती दोन बोटांनी मोठी करून पुन्हापुन्हा पाहिली. आप्पांचं सोयाबीन नेणारं हेच.

ओमानला चक्रीवादळं नवी नाहीत, पण ती बहुतेक दक्षिणेला धोफारकडे किंवा पूर्व किनाऱ्यावर येतात. 2007 चं गोनू आखातात शिरलं होतं आणि मस्कतची दैना करून गेलं. पण बातिनावर थेट येऊन आदळणारं वादळ 1890 नंतर आलेलं नव्हतं. बाबांच्या आजोबांनी सांगितलेल्या गोष्टींतही ते अर्धवटच होतं.

शनिवारी मच्छीमारांनी होड्या वर ओढल्या. पिकअपला दोर बांधून एकेक फायबरची होडी वाळूतून खेचत नेत होते, पोरं मागून ढकलत होती. सरकारने रविवार-सोमवार सुट्टी जाहीर केली, शाळांमध्ये निवारे उघडले. किनाऱ्याजवळची घरं रिकामी करायला पोलिसांची गाडी फिरली. आम्ही समुद्रापासून बरेच आत होतो, त्यामुळे राहायचं ठरलं. हा आमचा अंदाज चुकला. सगळ्यांचे डोळे समुद्राकडे होते.

रविवारी, 3 ऑक्टोबरला, सकाळपासूनच मस्कतहून बातम्या येत होत्या: मुतरहचा किनारारस्ता पाण्यात, विमानं लांबणीवर. रुसैलला डोंगराची दरड कामगारांच्या वस्तीवर कोसळून दोघे गेले. आमच्याकडे दुपारपर्यंत नुसता वारा. खजुराच्या झावळ्या एका अंगाला ओढल्यासारख्या झाल्या होत्या. चारच्या सुमाराला पाऊस सुरू झाला. मी मराठवाड्यातला वळीव पाहिलाय, मुंबईतला जुलै पाहिलाय. हा पाऊस वरून पडत नव्हता, तो आडवा येत होता. खिडकीच्या फटीतून, दाराखालून, एसीच्या भोकातून पाणी आत फवारत होतं. वाऱ्यात वाळू होती, ती दाताखाली लागायची. वीज गेली. भावजय चादरी पिळून पुन्हा दाराशी लावत होती.

अंधार पडल्यावर बाबांनी दार ठोठावलं. "बेटी, ऊपर चलो. अभी." त्यांचं घर दुमजली. आम्ही कागदपत्रांची पिशवी, पाण्याची कळशी आणि भावाच्या लेकराला घेऊन आवार ओलांडलं तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. ते समुद्राच्या बाजूने आलेलं नव्हतं. मागच्या बाजूने, डोंगराकडून येत होतं.

ती 3000 मीटरच्या आसपास उंचीची रांग ढगांना आडवी आली होती. तिथे पडलेलं पाणी प्रत्येक वादीतून खाली सुटलं होतं. "वादी उतरी है," बाबा एवढंच म्हणाले. वादीचा आवाज आधी मोठ्या ट्रकसारखा वाटला. मग गोटे एकमेकांवर आपटत असल्याचं कळायला लागलं. तो आवाज आजही माझ्या झोपेत येतो.

बाबा आणि त्यांचे दोन्ही मुलगे शेळ्या वर आणायला गेले. शेळी पायऱ्या चढायला तयार नसते, विशेषतः अंधारात. एकेक शेळी खांद्यावर टाकून आणली. भाऊही उतरला. आठ वर आल्या आणि तेवढ्यात आवारभिंत गेली. एक धप्प आवाज, आणि घोट्याचं पाणी काही मिनिटांत छातीला. मुलांनी बाबांना जिन्यावर ओढून घेतलं. खाली काळोखात उरलेल्या तिघींचं ओरडणं ऐकू आलं, मग आलं नाही. बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर पाठ करून बसले. कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

वरच्या दोन खोल्यांत आम्ही सतरा माणसं आणि आठ शेळ्या होतो. एका कोपऱ्यात बाबांची बायको तसबीह, म्हणजे जपमाळ, ओढत होती, मी मनात रामरक्षा म्हणत होते. ओल्या लोकरीचा वास, लेकरांचं रडणं, खाली फ्रिज भिंतीवर आपटल्याचे ठोके. मध्यरात्रीच्या सुमाराला वाऱ्याने दिशा बदलली. इतका वेळ गप्प असलेली दुसऱ्या बाजूची खिडकी फुटली. आम्ही तिला गादी लावून पाठीने रेटत पहाटेपर्यंत आळीपाळीने उभे राहिलो.

शेजारच्या खाबूराला त्या काही तासांत 369 मिलिमीटर पाऊस पडल्याचं पुढे वाचलं. तीन वर्षांचा पाऊस एका रात्रीत. देशात चौदा माणसं गेली.

सकाळी ऊन पडलं, अगदी स्वच्छ. रस्ता नव्हता. डांबराचे पापुद्रे उचलून खजुराच्या बुंध्यांना टेकले होते. गाड्या एकावर एक. आमच्या दोन खोल्यांत गुडघाभर चिखल होता, गॅसचा सिलिंडर पलंगावर आणि पलंग दारात आडवा. भिंतीवर, माझ्या छातीच्या उंचीवर, पाण्याची तपकिरी रेघ सरळ आखल्यासारखी. भाऊ तिच्याकडे बघत राहिला. मग फावडं शोधायला गेला.

दोन दिवस फोन नाही, नळ नाही. टँकरपुढे कळशी घेऊन उभी राहिले तेव्हा पुढच्या बाईने मला पाहून स्वतःची जागा दिली. का, ते कळलं नाही. कदाचित माझे पाय सुजलेले दिसले असतील. तिसऱ्या दिवशी फोन लागला. आप्पांनी मस्कतचं नाव टीव्हीवर ऐकलं होतं. पहिला प्रश्न: "लेकरू बरंय का?" आणि मग, जरा थांबून, "आपल्याकडचंच पाणी आलं का गं तिकडं?"

"व्हय आप्पा. तेच."

पुढच्या शुक्रवारी, 8 तारखेला, बातिनाच्या रस्त्यावर पिकअपची रांग लागली. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली होती. कुणी डोंगरापलीकडून, कुणी रात्रभर गाडी चालवून. फावडी, घमेली, झाडू, पाण्याच्या बाटल्या, भाताची हंडी. पांढऱ्या दिशदाशा, म्हणजे पायघोळ झगे, कमरेला खोचून अनोळखी पोरं आमच्या खोल्यांतला चिखल उपसत होती. भाऊ परदेशी, भाडेकरू. कुणी विचारलंसुद्धा नाही. एकाने लेकराचं चिखलात रुतलेलं खेळण्यातलं ट्रॅक्टर धुऊन उंबऱ्यावर ठेवलं. मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

महिनाअखेरीला मी गावी पोचले. सोयाबीनच्या जागी रानात नुसता काळा गाळ होता, त्याला भेगा पडायला लागल्या होत्या. आप्पा मला गोठ्यात घेऊन गेले. भिंतीवरच्या रेघेला हात लावून म्हणाले, "इथवर." त्यांच्या गुडघ्याच्या वर. "तुमच्याकडं?" मी छातीला हात लावला. ते बराच वेळ बघत राहिले.

"आन् त्या म्हाताऱ्याच्या शेळ्या?"

"आठ वाचल्या. तीन गेल्या."

आप्पांनी दावणीतल्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "गाभण व्हती का त्यातली कुठली?" त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. संध्याकाळी त्यांनी भावाला फोन लावला आणि बाबांना विचारायला सांगितलं.