चार राज्यांना टेकलेली काउंटी

आज डॅलसहून डेन्व्हरला जाताना २८७ नंबरच्या हायवेने बॉइझी सिटीत आणलं. ओक्लाहोमाच्या पार पश्चिम टोकाला सिमरॉन काउंटी आहे, तिचं हे मुख्य गाव. हायवे चक्क कोर्टाच्या इमारतीला प्रदक्षिणा घालतो!

काउंटीत माणसं जेमतेम २,३००. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त असतील. पण इतर चार राज्यांना भिडणारी अख्ख्या अमेरिकेत ही एकटीच काउंटी: टेक्सस, न्यू मेक्सिको, कोलोराडो, कॅन्सस.

१८५० मध्ये टेक्ससने इथली, ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या वरची जमीन सोडली, कारण टेक्ससमध्ये गुलामगिरी होती आणि त्या रेषेच्या उत्तरेला ती चालणार नव्हती. मग १८९० पर्यंत हा पट्टा कुठल्याच राज्यात नव्हता. ना कोर्ट, ना सातबारा! पुढे १९०८ मध्ये दलालांनी झाडं आणि पक्के रस्ते दाखवून इथले प्लॉट विकले. लोक येऊन बघतात तर नुसतं माळरान. दलालांना शिक्षा झाली, गाव मात्र वसलं. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त केली.

आणि जुलै १९४३ मध्ये, सरावाला निघालेल्या अमेरिकेच्याच बी-१७ विमानाने कोर्टाभोवतीचे दिवे म्हणजे आपलं लक्ष्य समजून गावावर सहा बॉम्ब टाकले. सरावाचेच होते, कुणी मेलं नाही. गावकऱ्यांनी पुढे त्याचं स्मारकही केलं, हे मला फार आवडलं.

ब्लॅक मेसा, राज्यातली सर्वांत उंच जागा (१,५१६ मीटर), आज राहिली. घरचे भुकेले होते.