ओढू नका, मोजा

पार्किन्सन्स हा मेंदूचा आजार म्हणजे हात थरथरणं, असंच बहुतेकांना वाटतं. माझ्या बायकोला हा आजार आहे, पण हिचा हात कधीच थरथरला नाही. अक्षर बारीक होत गेलं, वाणसामानाची यादी वाचायला मला भिंग लागू लागलं, आवाज खाली गेला आणि पोळी लाटताना उजवा हात मागे पडू लागला. कंप नसलेला पार्किन्सन्सही असतो. घरात कुणाचं असं होत असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

डॉक्टर गोळ्या देतात, पण उरलेला दिवस घरच्यांनाच निभवावा लागतो. तो कसा निभवायचा हे आम्ही पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात शिकलो. तिथे आजार झालेल्याला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. ही तिथे पहिल्यांदाच न लाजता सगळ्यांसमोर चहा प्यायली, कारण शेजारणीचाही कप हळूहळूच तोंडाशी जात होता.

स्वयंपाकघराच्या दारात हिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी हाताला धरून ओढलं तर तोल जातो. मंडळातल्या एका शुभंकर बाईंनी सांगितलं, जमिनीवर पावलापावलाच्या अंतराने रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या लावा. आपण एरवी विचार न करता चालतो, तेच या आजारात बिघडतं. समोर ओलांडायला रेघ दिसली किंवा कानावर ठेका पडला की पाय उचलतो. ही शाळेत लेझीम खेळायची, म्हणून आम्ही लेझीमचा ठेका धरतो. मी घाई केली की हीच म्हणते, “अहो, ओढू नका, मोजा!” नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले, त्यामागेही ताल आणि हालचालींचं हेच नातं आहे.

गोळीची वेळ मात्र काटेकोर पाळावी लागते. लेव्होडोपा हे या आजारावरचं मुख्य औषध आणि प्रथिनं एकाच वेळी पोटात गेली की गोळीचा असर कमी होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही ती वरणभाताच्या अर्धा तास आधी देतो. दुसऱ्या कशासाठी दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर गोळ्यांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नर्सच्या हातात द्या. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड या आजारात चालत नाही, तेही त्याच कागदावर लिहा.

वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर लगेच विकत घेऊ नका. गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत, तिथे अनामत ठेवून थोड्या भाड्यात वस्तू मिळतात. आमचा वॉकर तिथलाच आहे. वय सत्तर किंवा जास्त असेल तर सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्याला उत्पन्नाची अट नाही. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर मोफत होतात. रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र त्यात धरलेला नाही.

आता शुभंकरांसाठी. रात्री हिची कूस बदलायला मला उठावं लागतं, त्यामुळे माझी झोप मोडते. दिवसा मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोतून मावशी येतात. मेहुणी आठवड्यातून एक दुपार हिच्याजवळ बसते, तेव्हा मी पर्वती चढून येतो. त्या दुपारी ही स्वतःच मला घराबाहेर काढते, आणि मला त्याची फार गरज असते. असं कुणी नसेल तर ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ वर सकाळी आठ ते रात्री आठ फोन लागतो. आणि मन कोंडल्यासारखं झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालू असतो. दोन्ही मोफत आहेत. पुण्याबाहेरचे कुणी वाचत असाल तर आपल्या गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघात एकदा जाऊन विचारा, साहित्य केंद्र कुठे आहे हे तिथे बहुधा कुणाला तरी माहीत असतं.