पॅनेलच्या मागची काच

कसबा बावड्याकडच्या एका बंगल्याचा रिपोर्ट देऊन मोकळी झाले तरी केस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. मी सिव्हिल इंजिनिअर, कोल्हापुरात जुन्या घरांची तपासणी करते.

एक गैरसमज आधी काढते. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे घर तपासलं असं होत नाही. कर्ज थकलं तर घर विकून पैसे निघतील का, एवढंच तो बघतो. हद्दी, मंजूर नकाशा, एरिया, आसपासचा दर, चार फोटो, संपलं. एजंटला कमिशन व्यवहार झाला तरच मिळतं. घेणाऱ्याच्या बाजूनं भिंतीला हात लावणारा माणूस या सगळ्यात कोणीच नसतो आणि हे मला दरवेळी संतापजनक वाटतं.

हा बंगला घेणाऱ्या जोडप्याचं साठेखत, म्हणजे विक्रीचा आधीचा करार, झालेलं, इसार दिलेला, लोन सँक्शन, फक्त खरेदीखत बाकी. फर्निचरची मापं घ्यायला मालकांनी चावी दिली आणि इलेक्ट्रिशियननं पॉइंट सरकवायला हॉलमधलं पीव्हीसी पॅनेल काढलं तर मागं खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेला तिरका तडा. "मॅडम, बोट जातंय ओ आत," असा फोन.

तडा खाली बारीक आणि वर रुंद होता, म्हणजे घराचा तो कोपरा खचलाय. बावड्याकडं उसाच्या रानात प्लॉट पडलेत, खाली काळी माती, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. हे घर लोड बेअरिंगचं, म्हणजे सगळं वजन भिंतींवरच, पाया उथळ, त्यात बाथरूमचं पाणी नेमकं त्याच कोपऱ्यात मुरत होतं. तड्याच्या आत बॅटरी मारली तर कडांवर जुना पिवळा रंग उतरलेला दिसला. ताज्या तड्याच्या आत रंग नसतो, कडा स्वच्छ असतात. म्हणजे पूर्वी कधीतरी तड्यावरूनच रंग फिरवलाय, त्याच्यावर पुट्टी भरलीय, आणि पुट्टीही परत फाटलीय.

अजून दोन पॅनेल काढायला लावली आणि तिथं काच सापडली. तडा वाढतोय का हे बघायला आम्ही त्याच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख टाकतो, भिंत हलली की काच तुटते. इथं काच मधोमध तुटलेली, बाजूला मार्करनं नोव्हेंबर २०१९. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३. म्हणजे पुरानंतर कोणीतरी जाणता माणूस इथं येऊन गेला होता. कोण ते माहीत नाही, पण काम नीट केलं होतं त्यानं.

आता खरी गोची. आत्ताच्या मालकांनी घर घेतलं २०२२ ला. काच त्यांच्या आधीची, पॅनेल मात्र त्यांनी बसवलेलं. ते काका म्हणाले, "ताई, मलापण असंच विकलंय की, मी कुणाला विचारू?" चेहरा बघून खोटं वाटलं नाही. पण पॅनेलच्या खालच्या लाकडी पट्ट्या काचेच्या दोन्ही बाजूला बरोबर कापल्या होत्या, काचेला धक्का न लावता. ज्या सुतारानं कापल्या त्यानं काच बघितली होती, यात मला शंका नाही. त्यानं काकांना सांगितलं का, तेवढंच कळत नाही.

आणि सगळी केस त्याच्यावरच आहे. खरेदीदारांच्या वकिलांनी मला समजावलं की मालकी साठेखतानं जात नाही, खरेदीखतानं जाते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५ प्रमाणं विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायलाच पाहिजे, लपवला तर ती फसवणूक. रेरा, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्यातली बांधकामातल्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरवर असते, घर परत विकणाऱ्या मालकावर नाही. पूर येतो हे बावड्यात पोराटोरांना माहिताय, त्याबद्दल तक्रार टिकली नसती, पण पॅनेलमागचा तडा कोण बघणार होतं?

वकिलांना माझ्या रिपोर्टात "मालकाला दोष माहीत होता" असं वाक्य हवं होतं. मी दिलं नाही. तडा कधीचा, पुट्टी कितीदा भरली, पट्ट्या कुठं कापल्या हे फोटोसकट लिहिलं. भिंत बघून माणसाच्या मनातलं लिहायचं नसतं, आणि असले रिपोर्ट सर्रास लिहून देणारे आमच्यातले लोक सगळ्यांचीच पत घालवतात.

शेवटी तडजोड झाली. पायाचं अंडरपिनिंग (जुन्या पायाखाली नवा आधार देणं), ड्रेनेज बदलणं, तडा शिवून घेणं याचा खर्च किमतीतून वजा, पुरवणी करार करून. पोरीची शाळा जवळ म्हणून घेणाऱ्या ताईंना तेच घर हवं होतं. सुताराचा नंबर मी काकांकडं मागितला, त्यांनी लगेच दिला, पण तो बंद लागतो. पाऊस सुरू व्हायच्या आत पायाचं काम उरकायचंय, आणि या वेळी काच मी स्वतः लावणार आहे, पॅनेल न बसवता.