फाइंडला स्टार दिसतच नाही

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघणारा एक दोस्त आहे, जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणायच्या मागाच्या, डिझाइनच्या बीएमपी फाइली, पार्टीवार फोल्डर, त्यात परत फोल्डर. परवा त्याचा फोन, "का बे, फाइंड मारलं तर एकच फाइल दाखवतंय, बाकीच्या उडाल्या की काय?"

उडाल्या बिडाल्या काय नव्हत्या. फाइंड म्हणजे टर्मिनलमधे फाइली शोधायची कमांड. त्यानं टाइप केलेलं असं:

फाइंड . -नेम *.बीएमपी

कोट नाहीत. आता एंटर मारला की ही लाइन आधी शेल वाचतो, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांडी चालवणारा प्रोग्राम, इथं बॅश, आणि उघडा स्टार (* म्हणजे कुठलंपण नाव) दिसला की आपण ज्या फोल्डरात आहे तिथल्या जुळणाऱ्या फाइलींची नावं त्याजागी भरून मगच फाइंडला चालू करतो. याच्या फोल्डरात मोर.बीएमपी एकटीच पडलेली, त्यामुळं फाइंडला मिळालं "-नेम मोर.बीएमपी", त्यानं बिचाऱ्यानं सगळे फोल्डर पालथे घालून तेवढंच नाव शोधलं.

दोन फाइली असत्या तर बरं झालं असतं, कारण दुसरं नाव बघून फाइंड एररच देतं, नवीन जीएनयू फाइंड, म्हणजे लिनक्सवर असतं ते, तर पॅटर्नला कोट नाहीत वाटतं असंही सुचवतं. आणि एकपण फाइल नसली तर? बॅश स्टार तसाच पुढं ढकलतो आणि सगळं बरोबर चालतं! माझ्या मते हेच सगळ्यात वाईट, कारण माणूस वर्षानुवर्षं कोटाशिवाय फाइंड वापरतो आणि त्याला पत्ताच नसतो. त्यापेक्षा झेडशेल, म्हणजे बॅशसारखाच दुसरा शेल, परवडला, जुळणारं काय नसलं तर "नो मॅचेस फाउंड" म्हणून तिथंच थांबतो. मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून तोच डिफॉल्ट आहे.

दोस्ताची सवय विंडोजची, तिथं फाइलींची यादी देणारं डिर *.बीएमपी /एस बिनकोटाचं चालतं कारण तिथला कमांड प्रॉम्प्ट स्टारला हातच लावत नाही, डिर स्वतः बघून घेतं.

तर सिंगल कोट टाकायचे, '*.बीएमपी'. आणि विंडोजवरनं आलेल्या फाइलींचं एक्स्टेन्शन कधी कॅपिटलमधे असतं, म्हणून -नेम सोडून -आयनेम.

फोल्डरांच्या आतपर्यंत जाऊन फाइलींतला मजकूर शोधणाऱ्या ग्रेप -आर मधे पण हाच घोळ, शेवटी *.टीएक्सटी दिलं तर वरच्याच फोल्डरातल्या फाइली तपासल्या जातात, आतल्या राहतात. तिथं --इन्क्लूड='*.टीएक्सटी' द्या आणि शेवटी नुसता डॉट. कुठंपण शंका आली तर कमांडच्या आधी एको (पुढचं नुसतं छापून दाखवणारी कमांड) लावून बघा, शेल काय भरतोय ते समोर येतं. फाइली उडवणाऱ्या आरएमच्या आधी तर लावाच.