कोअर शॉपमधली ट्रॉली

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, मी प्रोसेस इंजिनिअर आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून बेळगावातच आहे, आसपास इंजिनिअरिंगची कॉलेजंही बरीच. त्यामुळे शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट मागत दरवर्षी गेटवर येतात. बहुतेक ठिकाणी त्यांना एकदा प्लांट फिरवून दाखवतात आणि शेवटी सर्टिफिकेट देतात. हे मला मुळीच पटत नाही. आपण खरी अडचण सांगायची नाही आणि मुलांनी तयार प्रोजेक्ट विकत घेतला की त्यांना नावं ठेवायची, हा न्याय नव्हे.

यंदाच्या गटाला आम्ही कोअर शॉप, म्हणजे कोअर बनवायचा विभाग, दिला. कास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या वस्तूत, जिथे पोकळी हवी तिथे वाळूचा कोअर बसवतात. व्हॉल्व्हच्या बॉडीचा आमचा कोअर तेल घातलेल्या वाळूचा, ओव्हनमध्ये भाजलेला, पोटाला जाड आणि मानेला बारीक. त्याचा कोपरा उडालेला कुणाच्या नजरेस आला नाही, तर सुमारे १४०० अंशांचं लोखंड तसंच ओतलं जातं, आणि दोष कळतो तो पार मशीनिंगला. तोवर वीज, वाळू, माणसांचे कष्ट, सगळं पाण्यात गेलेलं असतं.

ओव्हनपासून मोल्डिंगपर्यंत नेताना कोअर मोडतात, अशी जुनी तक्रार होती. मुलांनी मोबाईलच्या सेन्सरने जुन्या ट्रॉलीला बसणारे धक्के मोजले, स्प्रिंगची गणितं केली, कॉम्प्युटरवर स्प्रिंगवाल्या नव्या ट्रॉलीचं मॉडेल काढलं. गाईड सरांनी पास केलं आणि आमच्या टूलरूमने वेल्डिंग करून दिलं.

ट्रायलच्या दिवशी सगळं कोअर शॉप गोळा झालं होतं. कोबा उखडलेल्या जागेवरूनही ट्रॉली अलगद गेली, एकही कोअर मोडला नाही. मुलांचे चेहरे फुलले. मग येळ्ळूरहून येणाऱ्या आमच्या मावशी कोअर उतरवायला लागल्या, आणि बघता बघता तीन माना मोडल्या.

सगळे गप्प. गटातल्या बागलकोटच्या मुलीने मावशींना तेच पुन्हा, सावकाश करायला सांगितलं. तिला मराठी समजतं, बोलायला जमत नाही. मावशी तिच्याशी कन्नडमध्ये बोलू लागल्या. ती जमिनीवर बसून बाजूने व्हिडिओ घेत होती. फळीवर कोअरच्या दोन रांगा होत्या. मागच्या रांगेला हात घातला की मावशींचं कोपर पुढच्या कोअरला घासायचं. हात पुरत नसल्यामुळे पोटाला धरता येत नव्हतं, मानेलाच धरून ओढावं लागत होतं.

"मागचं काढायला गेलं की म्होरच्याला लागतंय बघा की ओ," मावशी मला म्हणाल्या. मग त्यांनी मूठभर कोरडी वाळू फळीवर पसरली, कोअरचं पोट तिच्यात रुतवलं आणि मान अधांतरी राहील असा तो ठेवला. हे त्या रोजच करत होत्या. आमच्या एकाही कागदावर ते नव्हतं.

त्या दुपारी मुलांनी जे केलं, त्याचं मला फार कौतुक आहे. स्प्रिंग काढून टाकायचं त्यांनी स्वतःहून ठरवलं. नवी ट्रॉली अरुंद, दोन्ही बाजूंनी उघडी. प्रत्येक बाजूला एकच रांग. फळीवर वाळूचा उथळ ट्रे, आणि सगळ्यांत खालची फळी गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे पार जमिनीपर्यंत वाकायला नको.

आता प्रश्न कॉलेजचा. स्प्रिंगचं गणित गेलं, मग रिपोर्टमध्ये दाखवणार काय? परीक्षक म्हणणार, यात इंजिनिअरिंग कुठे आहे? मी गाईड सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते समजूतदार निघाले. जुन्या आणि नव्या ट्रॉलीवरच्या मोडतोडीची नोंद शिफ्टवार ठेवा, त्यावर व्हायवा घेऊ म्हणाले. ती नोंद मावशी आणि मुलं मिळून ठेवतात. रिपोर्टच्या आभाराच्या पानावर मावशींचं नाव घालायचं मुलांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, ते ड्रॉइंगवरच घाला, डिझाइन करणाऱ्यांच्या रांगेत. तसं झालं.

पुढच्या गटासाठी मी मालकांपुढे दोन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिला आठवडा मुलांनी लॅपटॉप बाजूला ठेवून कामगारांबरोबर शिफ्ट करायची; आणि त्यांचं डिझाइन आपण वापरणार असू, तर त्यांना स्टायपेंड द्यायचा. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीसाठी मी पुन्हा भेटायची वेळ मागितली आहे.