दोन तारे देणारा वाचक नेमकं काय सांगत असतो

सतरा वर्षांची नायिका, जुलमी राजवट, अंगात एखादी अद्भुत शक्ती आणि शत्रूच्या गोटातला मुलगा. या धाटणीच्या कुठल्याही गाजलेल्या कादंबरीवरची वाचकांची मतं वाचायला घ्या. एक जण लिहितो, रात्रभर जागून संपवली. त्याच्या खालचाच म्हणतो, शंभराव्या पानावर सोडून दिली. बहुतेक वेळा दोघंही प्रामाणिक असतात. पुस्तक एकच असलं तरी दोघांनी त्याच्याकडून मागितलेलं वेगळं असतं.

यंग अडल्ट (म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या) डिस्टोपियन फॅन्टसी रोमान्स या लांबलचक नावात लेखक वाचकाला तीन वचनं देऊन बसलेला असतो. डिस्टोपिया, म्हणजे जुलमी व्यवस्थेतल्या काल्पनिक समाजाची गोष्ट, म्हटलं की ही व्यवस्था कशी चालते आणि माणसाला कशी चिरडते ते दिसायला हवं. फॅन्टसी म्हटलं की शक्तीला नियम हवेत आणि ते शेवटपर्यंत पाळले जायला हवेत. रोमान्सचं काय? अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेच्या व्याख्येत दोनच गोष्टी आहेत: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. इथेच पहिली ठिणगी पडते. ऑरवेलच्या 1949 सालच्या ‘1984’मध्ये व्यवस्था जिंकते, प्रेमही मोडून टाकते, आणि डिस्टोपियाच्या जुन्या वाचकाला तसाच शेवट खरा वाटतो. रोमान्सच्या वाचकाला तीच फसवणूक वाटते. शेवटावरून होणारी निम्मी भांडणं इथून सुरू होतात.

म्हणून कुठलंही मत वाचताना आधी बघावं की तक्रार तिघांपैकी कशाबद्दल आहे. ‘जग पटलं नाही’ ही डिस्टोपियाची तक्रार. ‘शक्ती हवी तेव्हा येते, नको तेव्हा जाते’ ही फॅन्टसीची. ‘दोघांत काही घडतंय असं जाणवलंच नाही’ ही रोमान्सची. तुम्हाला प्रेमकथा हवी असेल तर पहिली तक्रार बाजूला ठेवता येते, तिसरी नाही.

ताऱ्यांचंही एक सांगायला हवं. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर एका ताऱ्याचा अर्थ ‘आवडलं नाही’, दोनचा ‘ठीक होतं’, तीनचा ‘आवडलं’ आणि पाचचा ‘अप्रतिम’ असा ठरलेला आहे. अर्धा तारा देता येत नाही. बरेच जण हे न बघता शाळेतल्या गुणांसारखे तारे देतात, आणि मग एकाचे दोन तारे म्हणजे नापास, तर दुसऱ्याचे दोन म्हणजे वेळ बरा गेला. सरासरी आकड्यात हे सगळं मिसळून जातं. सगळ्यात उपयोगी मतं तीन ताऱ्यांची. ज्याला पुस्तक आवडलंय आणि तरी काहीतरी खटकलंय, तो काय खटकलं ते नेमकं सांगतो.

आता जगाच्या बांधणीकडे येऊ, कारण सर्वाधिक तक्रारी तिथल्या आहेत. ‘वर्ल्डबिल्डिंग कच्चं आहे’ एवढं म्हणून वाचकाला काही कळत नाही. पक्कं म्हणजे काय ते एका उदाहरणात दिसतं. सुझान कॉलिन्सच्या 2008 सालच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये राजवट सोडत काढून मुलांना मरेपर्यंतच्या झुंजीत पाठवते. बाराव्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी या सोडतीत पडते, तेराव्या वर्षी दोन, अशी अठरापर्यंत दर वर्षी एक वाढत जाते. पोट भरत नसेल तर जादा चिठ्ठी टाकून त्या बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल मिळतं. घरातल्या प्रत्येकासाठी अशी एक चिठ्ठी टाकता येते, आणि याही चिठ्ठ्या साठत जातात. सोळा वर्षांची नायिका कॅटनिस, तिच्या घरी तीन माणसं. पाच वर्षांच्या पाच चिठ्ठ्या, वर जादाच्या तीन गुणिले पाच म्हणजे पंधरा, एकूण 20. तिचा मित्र, अठरा वर्षांचा गेल, त्याच्या घरी पाच माणसं: सात आणि पस्तीस, एकूण 42. हिशेब चोख जुळतो. भुकेल्या घरातलं मूल मरणाच्या जास्त जवळ आहे हे कुणी भाषण न देता कळतं. ‘राजवट क्रूर आहे’ असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा हा 42 चा आकडा जास्त काम करतो.

असा हिशेब नसला की वाचक प्रश्न विचारू लागतो. अन्न कोण पिकवतं? सैनिक आज्ञा का पाळतात? आईबाप मुलांना निमूटपणे का देतात? या धाटणीत उत्तरं वारंवार अपुरी राहतात, आणि त्याला एक तांत्रिक कारण आहे. बहुतेक कादंबऱ्या नायिकेच्या तोंडून, प्रथमपुरुषी वर्तमानकाळात लिहिलेल्या असतात. त्यामुळे तिची धडधड थेट कानावर येते, पण तिला जे दिसत नाही ते वाचकालाही दिसत नाही. मग माहिती घुसवायची म्हणून वर्गातला तास, बंडखोरांच्या नेत्याचं भाषण किंवा खलनायकाचा शेवटचा लांबलचक कबुलीजबाब येतो. वाचक ‘मधेच रटाळ झालं’ म्हणतो तेव्हा ती पानं काढून बघा, बहुधा यातलंच काहीतरी सापडेल. हीच माहिती रोजच्या कामातून, रांगेतून, शिक्षेतून आली असती तर खटकली नसती.

शक्तीबद्दल एवढंच: तिची किंमत किती आणि ती कोण मोजतं, हे पहिल्या पाव भागात दिसलं पाहिजे. शेवटच्या लढाईत अचानक नवी ताकद उगवली की आधीचे सगळे धोके खोटे ठरतात.

आवाज आणि भाषा हा मात्र खरा वादाचा विषय, आणि इथे घाईचं मत सगळ्यात जास्त फसतं. ताहेरे माफीच्या 2011 सालच्या ‘शॅटर मी’मधली ज्युलिएट 264 दिवस कोठडीत आहे. तिचा स्पर्श माणसाला मारू शकतो. तिच्याजवळ एक छोटी वही आणि मोडकं पेन. पानापानावर वाक्यं छापलेली आहेत आणि त्यांवर आडवी रेघ मारून ती खोडलेलीही आहेत. खाली काय लिहिलंय ते वाचता येतं. बऱ्याच वाचकांना याचा वैताग येतो, त्यात उपमांवर उपमा. पण ती रेघ जरा जवळून बघा. खोडलेलं वाक्य म्हणजे तिला वाटलेलं, आणि त्याच्या पुढचं वाक्य म्हणजे तिने स्वतःला म्हणायची परवानगी दिलेलं. जशी ती धीट होत जाते तशा या रेघा कमी होत जातात. माझ्या मते ही या मालिकेतली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. तरीही कुणाला ती नकोशी वाटत असेल तर ते मत चूक नाही, फक्त ‘भाषा वाईट’ न लिहिता ‘खोडलेल्या वाक्यांमुळे वाचनाची लय तुटते’ असं लिहिलं तर पुढच्याला ठरवता येतं.

याच मालिकेत दुसरा धडाही आहे. पहिल्या भागातला खलनायक वॉर्नर. 2012 मध्ये त्याच्या नजरेतून लिहिलेली ‘डिस्ट्रॉय मी’ ही लघुकादंबरी आली आणि त्याच्याकडे बघण्याची दिशाच पालटली. पहिला भाग वाचून लिहिलेलं मत आणि तिसरा वाचून लिहिलेलं मत जणू दोन निराळ्या माणसांबद्दल असतं. म्हणून मत देणाऱ्याने किती भाग वाचलेत ते आधी तपासावं, आणि आपण लिहिताना पहिल्याच ओळीत सांगावं.

प्रेमकथा तपासायला ‘केमिस्ट्री’ हा शब्द अपुरा पडतो. मोजता येण्यासारख्या गोष्टी आहेत. प्रेमाची कबुली येण्याआधी दोघांचे किती प्रसंग एकत्र आहेत, आणि त्यांतल्या किती प्रसंगांत ते दिसण्याखेरीज कशाबद्दल बोलतात? दोन-तीन प्रसंगांत जीव ओवाळून टाकला जात असेल तर वाचक त्याला ‘इन्स्टा-लव्ह’ म्हणणारच. त्रिकोण असेल तर दोन मुलगे दोन वेगळ्या मार्गांकडे नेतात का, की नुसते दोन चेहरे आहेत? सगळ्यात महत्त्वाचं, किल्ली कुणाकडे आहे? मुलगा तिला कोंडून ठेवणाऱ्यांपैकी असेल तर ती नाही म्हणू शकते का, आणि म्हटल्यावर काय होतं, हे कादंबरीने दाखवलंच पाहिजे. शत्रूपासून प्रियकरापर्यंतचा प्रवास मला मनापासून आवडतो, पण त्याने केलेल्या दुखापतीचा उल्लेखच मागे पडला तर तो प्रवास झालाच नाही. वाचक बारा-चौदा वर्षांचाही असू शकतो, म्हणून मतात हे स्पष्ट यायला हवं. हिंसा किंवा शारीरिक जवळीक किती आहे तेही.

मालिकेच्या मधल्या भागाची तक्रार जवळपास ठरलेली: नायक-नायिका वेगळे, प्रशिक्षण लांब, गैरसमज एका संभाषणात मिटण्यासारखा. तिथे पाने चाळली तरी चालतात.

स्पॉइलरबाबत, म्हणजे कथेतलं पुढचं आधीच फोडण्याबाबत, एक सोपी पद्धत. पहिल्या पाव भागात घडतं ते मोकळेपणाने लिहावं, त्यापुढचं सूचना देऊन. शेवट दुःखी आहे की सुखी हेही स्पॉइलरच, पण रोमान्ससाठी आलेल्याला ते आधी कळायला हवं असतं. त्याच्यासाठी अगदी तळाशी, सूचनेखाली, एक ओळ ठेवावी. अर्धवट सोडलं असेल तर कुठल्या पानावर आणि तिथे काय चाललं होतं ते लिहावं. ‘तिसऱ्यांदा पळून जाण्याची योजना फसली तिथे सोडलं’ हे वाचून कुणीतरी पुस्तक खाली ठेवेल, आणि कुणीतरी नेमक्या त्याच कारणाने उचलेल.