हिरवा चौकोन

लासलगावजवळच्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गेल्या माघात तिशीपुढच्या बायकांची स्तनतपासणी लावली होती, आणि जिल्ह्याहून चार दिवसांपुरतं सेन्सरचं एक यंत्र मिळालं होतं. मुठीत मावणारं. क्ष-किरण नाहीत की काही नाही. टोक छातीवर टेकवून जरा दाबायचं. आतला भाग किती कडक आहे ते सेन्सर मोजतो, आणि टॅबवरचा चौकोन हिरवा नाहीतर लाल होतो. गाठ साधी की कॅन्सरची, हे त्याला कळत नाही. बायकांना मात्र ते भारी आवडलं. एरवी माझ्या हाताला लाजणाऱ्या, यंत्रापुढं रांग लावून उभ्या!

दुपारी एक मावशी आल्या. पंचावन्नच्या आसपास, व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जाणाऱ्या. सगळे चौकोन हिरवे आले. मी नोंद करायला वळले, तरी मावशी उठेनात.

"काखेकडं घ्या ना जरा."

यंत्र बाजूला ठेवलं. मधल्या तीन बोटांची पेरं, आधी वरवर, मग थोडी दाबून, मग पार बरगडी लागेपर्यंत. एका जागी तिन्ही झाल्यावरच पुढं सरकायचं; वरून खाली, खालून वर, शेतात पाभर फिरते तसं. प्रशिक्षणात आम्हाला टाटा हॉस्पिटलचा मुंबईतला अभ्यास सांगितला होता. १९९८ पासून वीस वर्षं, दीड लाख बायका. त्यातल्या निम्म्यांना चार आठवडे शिकवलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असं चारदा, हातानं तपासलं, आणि त्यांच्यातल्या पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं, एवढंच.

वरच्या बाहेरच्या भागात, काखेच्या अलीकडे, बोटं थांबली. चिंचोक्याएवढी, कडक, कडा ओबडधोबड. आडवं झालं की छाती बाजूला ओघळते, आणि त्या कोपऱ्यापर्यंत मी यंत्र नेलंच नव्हतं. चूक माझी.

"कधीपासून आहे, मावशी?"

"पोळ्यापासून."

"एवढे महिने अंगावर काढलंत?"

"दुखत न्हाई ना." (अशी गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, तिथंच तर घात होतो.) "आन् मी सांगितलं होतं घरात. कांदा हातात घेतला की आतून नासलाय का ते मला कळतं, मग हे न्हाई कळणार? लेक म्हणला, तू काय डॉक्टर हाय का? मशीननं सांगितलं तर नेतो नाशिकला."

मी चादरीची घडी त्यांच्या खांद्याखाली सरकवली, त्यांना थोडं कुशीवर वळवलं आणि यंत्र पुन्हा टेकवलं. दोन चौकोन लाल.

मावशींनी मान वळवून टॅबकडं बघितलं. "ह्याचा फोटो द्या काढून."

लेक दुसऱ्याच दिवशी घेऊन गेला. मॅमोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला. मग ऑपरेशन, केमो.

पावसाळ्याच्या तोंडावर मावशी पुन्हा उपकेंद्रात आल्या. डोक्याला घट्ट रुमाल, मागं खळ्यावरच्या दोघी.

"दोघींची मी बघितलीय," त्या म्हणाल्या. "हिला काई न्हाई. तिला हाय, डावीकडं. पण मशीनवर दाखवा."

मशीन केव्हाच जिल्ह्याला परत गेलं होतं. मी हात धुवायला उठले.